तुरट फळांचा मुलूख

आमच्या मळ्याच्या बांधावर तीन बोरी होत्या. पहिलीची बोरं गोड, दुसरीची आंबटगोड. तिसरीचं एखादं बोर चावलं की जीभ टाळूला चिकटून बसायची. आम्ही पोरं तिला थुंकरी बोर म्हणायचो. आजी म्हणे, "तिच्या नादी लागू नका रं, बकऱ्याबी तिला तोंड लावीत न्हाईत." आमच्या पारनेर तालुक्यात शेळी ज्याला तोंड लावत नाही असं झाड सापडणं अवघड, म्हणजे त्या बोराची चव काय असेल ते ओळखावं. पुढे विहिरीचं काम निघालं तेव्हा ती बोर तोडली. पहिली दोन झाडं वाचवायला आजी आडवी पडली होती. तिसरीसाठी कुणी ब्र काढला नाही, मीही नाही.

त्या बोराची आठवण मला तीस-पस्तीस वर्षांनी आली, ती इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या एका सफरचंदाच्या बागेत. भाची ब्रिस्टलला राहते, तिच्याकडे गेलो होतो. दिवस ऑक्टोबरअखेरचे, इकडे दिवाळीचे. झाडांखाली ओल्या गवतात लाल-पिवळ्या सफरचंदांचा सडा पडलेला. बागेच्या म्हाताऱ्या मालकाने त्यातलं लिंबाएवढं एक फळ उचललं, अंगरख्याला पुसलं, माझ्या हातात दिलं आणि खुणेनेच सांगितलं: चाव, चघळ आणि थुंक. मी चावलं. आधी गोडवा आला, मग काही क्षण काहीच नाही, आणि मग तोंडातला सगळा ओलावा कुणी टिपून घ्यावा तशी जीभ खरखरीत झाली. मी थुंकलो. तो हसला आणि म्हणाला, असल्या फळांना आम्ही 'स्पिटर' म्हणतो, थुंकायची फळं. ती आम्ही मुद्दाम लावतो.

थुंकायची फळं मुद्दाम लावतात, हे वाक्य मी तिथून घेऊन आलो. या लेखाचं मूळ तिथे आहे.

या फळांपासून ते सायडर करतात. सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. त्यात मद्यार्क असतो, साधारण पाच ते आठ टक्के. बाजारात शीतपेयासारखं गोड, बुडबुडणारं सायडर खूप मिळतं. ब्रिटनमध्ये 2010पासूनच्या नियमाप्रमाणे पेयात निदान 35 टक्के सफरचंदाचा रस असला की त्याला सायडर म्हणता येतं. बाकी पाणी, साखर घालायला मोकळीक. मी ज्याबद्दल लिहितोय ते सायडर हे नव्हे. जुन्या रीतीचं सायडर निव्वळ रसाचं असतं आणि सॉमरसेट, हेरफर्डशर, डेव्हन या पश्चिमेकडच्या परगण्यांत ते अजून शेतावरच तयार होतं.

आपण खातो त्या सफरचंदाचं असं सायडर होत नाही, आणि तिथेच सगळी गोम आहे. सायडरची सफरचंदं वेगळी असतात. ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन या गावी 1903मध्ये फळं आणि सायडर यांच्या अभ्यासासाठी एक संस्था सुरू झाली. तिथल्या बार्कर या संशोधकाने रसातलं आम्ल आणि टॅनिन मोजून सफरचंदांचे चार वर्ग पाडले. आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर गेलं की फळ आंबट, टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर गेलं की तुरट. दोन्ही कमी असतील तर गोड. आम्ल कमी आणि टॅनिन जास्त असेल तर ते तुरटगोड, आणि दोन्ही जास्त असतील तर तुरटआंबट. उत्तम सायडरचा कणा म्हणजे तुरटगोड फळं. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल, ट्रेमलेट्स बिटर अशी त्यांची नावं. यार्लिंग्टन मिलचं मूळ झाड त्या नावाच्या गावातल्या पाणचक्कीच्या भिंतीतून आपोआप उगवलेलं सापडलं, असं सांगतात. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो तसं. त्यांनी ते उपटलं नाही. त्याची चव घेतली, कलमं केली, नाव दिलं.

इंग्रजांना ही चव सांगताना कष्ट पडतात. 'कडू' आणि 'तुरट' यांच्यात त्यांची रोजची भाषा फारसा फरक करत नाही. तुरटगोड सफरचंदाला ते 'बिटरस्वीट', म्हणजे कडूगोड म्हणतात. तुरट चवीसाठी शब्द आहे, पण तो शाळेत शिकलेल्या माणसाचा. आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही तुरट म्हणजे काय ते कळतं. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे, आणि तुरटीचं नावच या चवीवरून पडलं आहे. शिवाय आपण या मुलखात वाढलो. पर्जन्यछायेतला हा पारनेर तालुका, पाऊस कमी, जमीन बरीचशी मुरमाड. इथे जे आपोआप उगवतं आणि तगतं त्यात तुरटपणा भरपूर. बोर, बाभळीची शेंग, जांभूळ, आवळा, कच्चं कवठ, डाळिंबाची साल. ज्याचं लहानपण ही फळं चाखत गेलं त्याला सायडर समजायला पुस्तक लागत नाही, असं माझं मत त्या बागेत झालं आणि अजून बदललेलं नाही.

तुरट ही खरं तर नुसती चव नाही, तो स्पर्श आहे. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत, ओलं राहतं. टॅनिन या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांचे गोळे होतात, वंगण जातं आणि जीभ टाळूवर घासायला लागते. बोराने तोंड बांधल्यासारखं होतं ते यामुळे. हेच टॅनिन रसातल्या प्रथिनांनाही धरतं, म्हणून रस निवळतो. पेयाला त्याच्यामुळे अंग येतं, टिकाऊपणा येतो. गोड सफरचंदाचा रस आंबवला तर साखर सगळी मद्यार्कात जाते आणि मागे पाणचट आंबटपणा राहतो. तुरट फळाची साखर गेली तरी काहीतरी शिल्लक राहतं.

करण्याची रीत पाहताना मला परकं काहीच वाटलं नाही. फळं हलवून पाडायला लांब काठी, अगदी आपण चिंचा झोडपायला बांबू घेतो आणि खाली चवाळं अंथरतो तसं. पाडलेली फळं काही दिवस ढीग घालून मऊ पडू द्यायची. मग ती चिरडायची. जुन्या शेतांवर यासाठी दगडी गोल चर असे, त्यात उभं दगडी चाक, आणि ते ओढत घोडा गोल फिरायचा. किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांजवळ आपण चुन्याची घाणी पाहतो ना, तीच ती. फरक इतकाच की इथे बैल, तिथे घोडा. चिरडलेल्या लगद्याचे थर कापडात किंवा गव्हाच्या काडात गुंडाळून एकावर एक रचायचे आणि वरून दाब द्यायचा. रस खाली येतो, चोथा गुरांना जातो. कापलेलं वांगं काळं पडतं तसा हा रस हवा लागून तांबूस होतो. तो लाकडी पिंपात भरला की माणसाचं काम जवळजवळ संपलं. विरजण लावायचं नाही. फळाच्या सालीवर, दाबयंत्राच्या कापडावर, कोठाराच्या हवेत जे यीस्ट असतं तेच रस आंबवतं. थंडीमुळे हे काम महिनोन्‌महिने चालतं. उन्हं तापू लागली की दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद कामाला लागतात आणि सफरचंदातलं बोचरं आम्ल सौम्य करतात. रात्रभर ताकात भिजवलेल्या पिठाची अंबील करणाऱ्या घरात हे समजावून सांगायची गरज नसावी.

आता चव कशी घ्यायची ते सांगतो, कारण मला ती घ्यायला शिकवली गेली आणि ते शिकणं मला मोलाचं वाटतं.

पेला बर्फासारखा गार नको. फार गार असलं की वास झोपतो आणि तुरटपणा नुसता टोचतो. माठातल्या पाण्याहून थोडं गार पुरे. पेला अर्धाच भरायचा. आधी उजेडाकडे धरून पाहायचं. जुन्या रीतीचं सायडर पुष्कळदा गढूळसर असतं, तो दोष नव्हे. मी पाहिलं त्याचा रंग पातळ गुळवणीसारखा होता. मग वास. मी ताज्या सफरचंदाच्या वासाची वाट पाहत होतो आणि तो आलाच नाही. आली ती लवंग, मग नव्या चामड्याच्या वहाणांचा वास, विझलेल्या चुलीचा धूर, आणि अगदी तळाशी गोठ्यात रचलेल्या कडब्याचा. मालकाला मी हे जमेल तसं सांगितलं. त्याने मान डोलावली. तुरट सफरचंदातल्या घटकांवर जिवाणू आणि यीस्ट काम करतात तेव्हा लवंगेचे आणि धुराचे वास देणारी द्रव्यं तयार होतात. कडब्याचा वास थोडा असेल तर शोभतो, फार असेल तर पिंप बिघडलं म्हणायचं.

मग घोट, तोही लहान. लगेच गिळायचा नाही, तोंडात फिरवायचा. गोडवा असलाच तर आधी लागून जातो. पाठोपाठ आंबटपणा येतो आणि लाळ सुटते. तुरटपणा सगळ्यांत शेवटी येतो, गिळून झाल्यावर. चांगल्या सायडरची पारख इथे होते. तुरटपणा सुपारीसारखा कोरडा आणि कठीण आहे, की पिकल्या जांभळासारखा मऊ? ट्रेमलेट्स बिटरचा कठीण, डॅबिनेटचा मऊ. तो किती वेळ रेंगाळतो? तो गेल्यावर तोंड स्वच्छ वाटतं की ओशट? मी तीन पिंपांतलं चाखलं, प्रत्येकी दोन घोट, आणि तिन्हींच्या शेवटात तीन वेगळी झाडं होती. तिसऱ्याच्या शेवटात मला आमची थुंकरी बोर भेटली. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पेला पुन्हा उजेडाकडे धरला.

दोषही ओळखता आले पाहिजेत. शिरक्याचा वास आला की हवा शिरली. आणखी एक दोष आहे, त्याला ते उंदीर म्हणतात. पेल्याला नाक लावलं तर काही कळत नाही. घोट गिळल्यावर, लाळेने आम्ल उतरलं की दहा-पंधरा सेकंदांनी घशातून वर येतो, कणगीत उंदीर शिरल्यावर धान्याला येतो तसला वास. काही माणसांना तो अजिबात कळत नाही. मला कळला. कणग्यांच्या घरात वाढल्याचा तो फायदा.

या पेयाचा इतिहास मोठा आहे, मी त्यातल्या दोनच गोष्टी सांगणार आहे. पहिली बाटलीची. सतराव्या शतकात लॉर्ड स्कुडामोर यांच्या नावाशी जोडलेल्या रेडस्ट्रीक या सफरचंदाचं हेरफर्डशरचं सायडर इतकं नावाजलं गेलं की सरदार-दरकदार ते फ्रेंच द्राक्षमद्याच्या तोडीचं मानत. 1615मध्ये राजाने जहाजांसाठी लाकूड राखायचं म्हणून काचेच्या भट्ट्यांना लाकूड बंद केलं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच मजबूत निघू लागली. त्या मजबूत बाटलीत साखर घालून पेय पुन्हा आंबवलं तरी बाटली फुटत नाही, उलट पेय फसफसतं. ख्रिस्तोफर मेरेट यांनी 1662मध्ये रॉयल सोसायटीपुढे मद्यात साखर घालून ते फसफसतं करण्याची रीत मांडली. शँपेनची म्हणून जगाला माहीत असलेली कृती ती हीच. आमच्या तालुक्याला लागून जुन्नर आहे. तिथे नारायणगावला 1980च्या दशकात इंडेज कंपनीने याच कृतीने द्राक्षांपासून फसफसणारी वाईन केली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात पाठवली.

दुसरी गोष्ट अवघड आहे आणि ती गाळली तर हा लेख खोटा होईल. इंग्लंडच्या त्या परगण्यांत शेतमजुराला मजुरीचा एक भाग सायडरच्या रूपात मिळत असे. कापणीच्या दिवसांत जास्त. मजूर लाकडी बुधली कमरेला लावून शेतावर जायचा. मालकाचं भागायचं, मजुराच्या घरी पैसा कमी जायचा. 1887मध्ये कायदा करून मजुरीपोटी मद्य देणं बंद करावं लागलं. त्याआधी डेव्हनमध्ये सायडर पिणाऱ्यांना पोटशुळाचा भयंकर आजार होई. जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी 1767मध्ये दाखवून दिलं की दाबयंत्रात वापरलेल्या शिशाची ती बाधा होती. म्हणजे ज्या पेयाचं मी एवढं कौतुक केलं त्याने माणसांच्या चुली विझवल्या आहेत आणि माणसंही मारली आहेत.

पारनेरच्या माणसाला हे सांगायला नको. आमच्याकडे दारू म्हणजे हातभट्टी, काळा गूळ आणि नवसागर यांची. ती नाक दाबून, डोळे मिटून, एका दमात घशाखाली ढकलायची आणि वर मीठ चाटायचं. तिच्यात चवीला जागाच नव्हती. 1975मध्ये अण्णा हजारे लष्करातून राळेगणसिद्धीला परतले तेव्हा गाव या भट्ट्यांखाली दबलेलं होतं. त्या बंद झाल्या, पाणलोटाची कामं उभी राहिली आणि दुष्काळी गाव बागायती झालं. पुढे राज्यात गावच्या महिलांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करता येण्याची तरतूद झाली. उभी बाटली की आडवी बाटली, ही त्या मतदानातली भाषा आमच्याकडे प्रत्येक घराला कळते. माझ्या जवळच्या एका घरात हातभट्टीने कर्ता माणूस नेला आहे. बंदीच्या बाजूने मी उभा होतो आणि आहे.

27 जानेवारी 2022 रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. फळं पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पैसा मिळेल, असं कारण दिलं गेलं, आणि वाईन म्हणजे दारू नव्हे असंही सांगितलं गेलं. अण्णांनी 14 फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं. सरकारने लोकांचं मत विचारात घेण्याचं आश्वासन दिल्यावर 13 फेब्रुवारीला राळेगणच्या ग्रामसभेत ते मागे घेतलं. वाईन म्हणजे दारू नव्हे, हे म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही. सायडर मद्य आहे, वाईन मद्य आहे. ज्याला त्याची चव घ्यायची त्याने हे मान्य करूनच घ्यावी, कायद्यात राहून घ्यावी आणि मोजून घ्यावी. पण फळाला किंमत मिळावी, हा मुद्दा मात्र खरा होता आणि त्या गदारोळात तो बुडाला. बाटलीवर भांडताना फळाकडे कुणी पाहिलंच नाही.

मला पाहायचं आहे ते फळाकडे. सफरचंदाचे चार वर्ग पाडणारी लाँग ॲश्टनची ती संस्था शंभर वर्षं चालून 2003मध्ये बंद झाली. पण तिने जे मोजलं ते राहिलं. थुंकायच्या फळांची नावं, झाडं, आकडे, कलमं, सगळं शाबूत आहे. सॉमरसेटमधल्या कार्हॅम्प्टन गावी दरवर्षी 17 जानेवारीला लोक रात्री बागेत जमतात, झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, त्यात भिजवलेला पाव फांदीत ठेवतात आणि बंदुकीचे बार काढतात. आपण विहिरीवर नारळ फोडतो तसाच भाव. सायडरच्या झाडांवर बांडगूळ माजतं, तर टेनबरी वेल्स या गावी नाताळाआधी त्या बांडगुळाचाही लिलाव होतो.

आपण काय केलं? आपण सगळी ताकद गोडव्याकडे लावली. 1936मध्ये पुण्याला गणेशखिंडीच्या बागेत फळतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी आळंदी या वाणाच्या बियांपासून मऊ दाण्याचं गणेश डाळिंब निवडलं. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला आणि भगवा दिलं. या वाणांनी आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांवर स्लॅब पडला, त्याचं ऋण मोठं आहे. बोरांतही उमराण, कडाका, मेहरूण अशी मोठी, गोड फळं बाजारात आली. पण गावठी बोर, गावठी जांभूळ, बांधावरचं कवठ यांची कुणी वही ठेवली नाही. कुठल्या झाडाचा तुरटपणा कठीण, कुठल्याचा मऊ, कुठलं फळ वाळवलं की लवंगेसारखं लागतं, हे आजीच्या पिढीला ठाऊक होतं. ती पिढी गेली. झाडंही रस्तारुंदीत, विहिरीत, शेततळ्यात गेली.

पुण्यात 2018पासून मूनशाइन मीडरी मधाचं मद्य करते. सफरचंदाचा रस आणि मध यांचं त्यांचं एक पेय 'ॲपल सायडर मीड' म्हणून मिळतं. सफरचंदाच्या मुलखापासून इतक्या दूर कुणी हा खटाटोप करतं याचं मला अप्रूप वाटलं. पुण्यात ते मी चाखलंही. मधाचा सुवास छान होता, पण शेवटी जीभ ओढली गेली नाही. माझा निकाल एवढाच, की त्याला तुरट फळ हवं.

आणि तुरट फळ वापरायला मद्यच करावं लागतं असंही नाही. बोरकूट, आवळकाठी, कवठाची चटणी, जांभळाचं सरबत यांतही तेच टॅनिन काम करतं, तीच पारख लागते. सायडरवाल्याने जिभेचं जे शिस्तबद्ध लक्ष सफरचंदाला दिलं ते पारनेरच्या बोराला दिलं तर दारूबंदीला धक्का न लावता या मुलखाची चव बाजारात उभी राहू शकते. कान्हूर पठार, टाकळी ढोकेश्वर, निघोज, जवळा इथल्या शाळांनी मुलांना बांधावर नेलं, प्रत्येक बोरीची चव वहीत लिहून घेतली, तरी सुरुवात होईल. मोजमाप करायला विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. राहुरीच्या संशोधकांना माझी हात जोडून विनंती आहे की गोड वाणांच्या जोडीला जिल्ह्यातल्या गावठी तुरट बोरांचीही एक यादी करावी, आणि झाडं आहेत तोवर कलमं घ्यावीत.

गेल्या वर्षी आमच्या जुन्या विहिरीच्या काठाला एक बोरीचं रोप वर आलेलं दिसलं. थुंकरीचंच असेल असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. फळ धरायला अजून एक-दोन वर्षं जातील. मी भोवती काट्यांचं कुंपण केलं आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुळशीचं लग्न जवळ आलेलं असेल. तुळशीपुढे ठेवायला बाजारातून बोरं आणण्याआधी एकदा बांधावर जाऊन या. तुरट बोर लागलं तर थुंका, पण झाड कुठलं ते लिहून ठेवा.